घरी वेल्डिंग करायचं तर काय घ्यावं, आणि नेमकं कशाला भ्यावं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खानापूर तालुक्यात शेतवाडीवर घर आहे. गोठ्याचं फाटक मोडलंय, ट्रॉलीच्या फळ्या उखडल्यात आणि पावसाच्या आत पडवीला पत्र्याचं शेड उभं करायचंय. फॅब्रिकेशनवाला ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. म्हणून बारा-तेरा हजारांत स्वतःचं मशीन घ्यायचंय. घरच्यांचं मात्र एकच पालुपद, ‘डोळे घालवून घेणार तुम्ही.’ तेव्हा मशीन कोणतं घेऊ आणि धोका खरंच किती, असे तुमचे दोन प्रश्न.

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच ठरतं. घरच्यांची भीती रास्त आहे, पण ती भलत्या मशीनकडे बोट दाखवते. बेळगावच्या उद्यमबागेत माझी उमेदीची वर्षं फॅब्रिकेशनमध्येच गेली. बोट तुटलेली, डोळा गेलेली जी माणसं या धंद्यात बघितली, त्यांच्यातल्या बहुतेकांचा घात वेल्डिंगनं नाही, ग्राइंडरनं, म्हणजे लोखंड कापायच्या-घासायच्या हातातल्या मशीननं केला. वेल्डिंगचा झगझगाट एवढा की माणूस आपोआप बिचकतो. ग्राइंडर एका हातात मावतो, प्लगला लावला की फिरतो, त्याला कोणी बिचकत नाही. म्हणून मी हिशेब उलटा धरतो. बारा हजार असतील तर मशीनला सहा-साडेसहा, आणि बाकीचे सगळे चांगला ग्राइंडर, डोक्याला लावायची शील्ड, चष्मा, हातमोजे, वायर आणि एमसीबी यांना. मशीन थोडं हलकं चालेल, या गोष्टी हलक्या चालणार नाहीत.

आता मशीन. जुना तेलाचा, तांब्याच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घरासाठी घेऊ नका. तो दणकट असतो यात वाद नाही, पण बहुतेकांना दोन फेज लागतात, आणि शेतात थ्री फेज येणार ठरावीक तासच. मग माणूस खांबावर आकडा टाकायला जातो आणि तिथून पुढची कथा वेगळीच होते. तुम्हाला हवं ते सिंगल फेजचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन (घरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे), रॉडनं चालणारं, २०० ॲम्पिअर लिहिलेलं. वजन पाच-सहा किलो, खांद्याला अडकवून गोठ्यापर्यंत नेता येतं. मिग किंवा सीओटूच्या, म्हणजे गॅस सोडून तारेनं करायच्या वेल्डिंगच्या, नादाला सध्या लागू नका. उघड्यावर जरा वारा सुटला की त्याचा गॅस उडतो आणि वेल्डला भोकं पडतात. शेतवाडीवर वारा नाही असा दिवस कुठला?

मशीनवर २०० लिहिलंय म्हणजे २०० वर दिवसभर चालेल असं नाही. पाठीमागच्या पाटीवर ड्यूटी सायकल बघा. २०० ॲम्पिअरला ३० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत तीन मिनिटं जाळायचं आणि सात मिनिटं थांबायचं. त्याच मशीनला ११० ॲम्पिअरच्या खाली ठेवलं तर ते जवळपास अखंड चालतं, आणि तुमचं बहुतेक सगळं काम ११० च्या खालीच आहे. हा टक्का कुठल्या तापमानाला मोजलाय तेही दुकानदाराला विचारा. चांगली कंपनी ४० अंशाला मोजते, हलकी २५ ला मोजून मोठा आकडा छापते. पाटीच नसेल तर ते मशीन ठेवा म्हणावं तिथंच.

रॉड ६०१३ चे घ्या, सुरुवातीला बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचे. ६० ते ९० ॲम्पिअरमध्ये फाटकाचा अँगल, स्क्वेअर पाईप सगळं जमतं. जाड चॅनेलला दहा नंबर, ९० ते १३०. पातळ सोळा गेजच्या पाईपला भोकं पडायला लागली तर चौदा नंबर आणा आणि होल्डर मायनसला लावा, उष्णता जरा कमी जाते. ७०१८ कोणी सुचवेल. रॉड उत्तम, पण तो कोरडा हवा, ओव्हनमध्ये तापवून वापरायचा. आपल्याकडं जूनपासून भिंतीला ओल सुटते, तिथं उघडं पाकीट ठेवून ७०१८ वापरणं म्हणजे पैसे वाया. ६०१३ सुद्धा झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर रॉड फुटफुटतो, चिकटतो, आणि नवखा माणूस दोष आपल्या हाताला देतो.

विजेकडे जरा नीट बघू, कारण घरची अर्धी रड इथंच असते. ८० ॲम्पिअरवर काम करताना हे मशीन मेनमधून चौदा-पंधरा ॲम्पिअर ओढतं, ११० वर वीसच्या आसपास जातं. म्हणजे मोबाईल चार्ज करायच्या प्लगवर ते कधीच लावायचं नाही. अडीचच्या रॉडला १६ ॲम्पिअरचा पॉवर प्लग चालेल. दहा नंबर जाळायचा असेल तर मीटरपासून थेट चार स्क्वेअर एमएमची वायर, ३२ ॲम्पिअरचा सी टाईप एमसीबी आणि औद्योगिक सॉकेट बसवून घ्या. घराचा मंजूर लोड किती तेही बिलावर बघा. सरकारच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येतंय म्हणून लोडही शून्य धरता येत नाही. खेडेगावात पुष्कळ घरांचा मंजूर लोड एवढा कमी असतो की एकटं मशीनच त्याच्यावर जातं. हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, अर्ज करून तो वाढवून घेता येतो.

एक्स्टेन्शनची वायर हा वेगळा विषय. गोठा घरापासून लांब, म्हणून एक स्क्वेअर एमएमची पन्नास मीटर वायर टाकली, तर १५ ॲम्पिअरला पंचवीस-सत्तावीस व्होल्ट वाटेतच खलास होतात. संध्याकाळी गावात आधीच व्होल्टेज पडलेलं, त्यात हे. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, धरत नाही, माणूस नॉब वाढवत बसतो आणि वायर तापत राहते. अडीचची घ्या, लांब असेल तर चारची. काम करताना पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर जात नाही, आतल्या आत वितळते.

आता ग्राइंडर. चार इंची घ्या, नावाजलेल्या कंपनीचा, बटण सोडलं की बंद होणारा मिळाला तर उत्तम. हा मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे मारतो. कटिंग व्हीलच्या कागदावर ८० मीटर प्रति सेकंद असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग तेवढ्याच्या वर जाता कामा नये. आता कोणी शहाणा गार्ड, म्हणजे चाकावरचं पत्र्याचं झाकण, काढून त्याला सात इंची चाक लावतो, ‘खोल कापतंय’ म्हणून. अकरा हजार फेऱ्यांना सात इंची चाकाची कड सेकंदाला १०४ मीटर धावते. चाक त्यासाठी केलेलंच नाही. ते फुटतं, आणि फुटताना समोर उभ्या माणसाच्या अंगात जातं. पाच इंची लावला तरी भोक मोठं, २२ मिलिमीटरचं, आणि आपल्या चार इंचीचा कॉलर १६ चा. चाक मध्यावर बसत नाही, थरथरतं, आणि गार्ड तर त्यात बसतच नाही. थोडक्यात, चार इंचीला चार इंचीच चाक आणि गार्ड त्याच्या जागेवर. गार्ड काढलेला ग्राइंडर कोणी उसना दिला तर घेऊ नका.

चाक लावायचं कसं ते बारकाईनं सांगतो, कारण हे कोणी शिकवत नाही. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर तारीख ठोकलेली असते, ती चाकाची मुदत. हे चाक राळेनं बांधलेलं असतं, ती राळ जुनी झाली किंवा ओल खाल्ली की ताकद जाते. गेल्या पावसाळ्यात गोठ्याच्या खिळ्याला अडकवलेलं चाक बरंच खाल्लेलं नाही म्हणून वापरायचं नसतं, ते टाकून द्यायचं. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे. मग कडेनं बोट फिरवून चीर, टवका बघायचा. आतला कॉलर, बाहेरचा नट पुसून घ्यायचे, त्यात कचरा असला तर चाक तिरपं बसतं. नट पान्यानं आवळायचा, हातोडीनं ठोकून नाही. मग ग्राइंडर जमिनीकडे, अंगापासून लांब धरून मिनिटभर मोकळा फिरवायचा. बिघडलेलं चाक बहुधा या मिनिटात फुटतं, आणि फुटायचं तर इथं फुटलेलं बरं.

कापताना सगळ्यात जास्त धक्का कुठं बसतो ते लक्षात घ्या. समजा चाळीस बाय चाळीसचा स्क्वेअर पाईप दोन विटांवर आडवा ठेवलाय आणि तुम्ही मधोमध कापताय. जसजसं कापत जाल तसा पाईप मधे खाली झुकतो, कापलेली फट वरून मिटते आणि चाकाला चिमटीत धरते. चाक अडलं की अकरा हजार फेऱ्यांचा सगळा जोर ग्राइंडरला उलट फेकतो, तुमच्या छातीकडे, तोंडाकडे. यालाच किकबॅक म्हणतात. त्यावर उपाय साधा आहे: पाईपचा मोठा तुकडा शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट धरायचा आणि कापायचा भाग बाहेर लोंबता ठेवायचा, म्हणजे फट उघडत जाते. पायाखाली पाईप दाबून कापणारे तुम्ही रस्त्याच्या कडेला रोज बघत असाल. त्यांना काही झालं नाही एवढंच. साइडचं हँडल लावा, दोन्ही हात लावा, आणि चाकाच्या पात्याच्या रेषेत आपलं तोंड येणार नाही असं जरा बाजूला उभे राहा. एक मिलिमीटरच्या कटिंग व्हीलच्या बाजूनं घासू नका. घासायला जाड ग्राइंडिंग व्हील वेगळं मिळतं.

आणि लाकूड कापायचं दातेरी ब्लेड. हे मी मुद्दाम तुम्हाला लिहितोय, कारण खानापूर भागात काजूच्या फांद्या, कुंपणाचे खुंट, सगळ्याला चार इंची ग्राइंडरच लावायची सवय दिसते. लोखंड कापायचं चाक अडलं तर झिजून तरी जातं. दातेरी ब्लेड लाकडात रुतलं की रुतून राहतं आणि ग्राइंडर हातातून सुटून उसळतो. बंद करायला हात पोचत नाही, फिरत फिरत मांडीवर येतो. बाजारात खुशाल मिळतं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. फांदीला करवत वापरा. दहा मिनिटं जास्त लागतील.

ग्राइंडर चालवताना अंगावर काय? गळ्यात टॉवेल, उपरणं, मफलर काही नको, लुंगी नको, शर्टाचा शेवट आत खोचलेला. लोंबणारा कपडा चाक ओढून घेतं. डोळ्याला बाजूनंही झाकणारा पारदर्शक चष्मा, आणि कापताना त्याच्यावर पूर्ण चेहऱ्याची पारदर्शक शील्ड. वाचायचा चष्मा हा चष्मा नव्हे. कानात बोळे घाला. ग्राइंडरचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि ऐकू कमी येतंय हे आपल्याला आधी कळत नाही, घरच्यांना कळतं.

आता डोळ्यांचं, घरच्यांच्या काळजीचं. वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यावर पडला तर लगेच काही होत नाही, म्हणूनच माणूस फसतो. दिवसभर ‘एवढा एक टाका मारतो की’ म्हणत पाच-दहा टाके उघड्या डोळ्यानं मारायचे, जेवून झोपायचं, आणि मध्यरात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होऊन जागं व्हायचं. पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाची वरची कातडी भाजलेली असते. सहा ते बारा तासांनी त्रास सुरू होतो आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येतो. तोवर अंधारात राहा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, आणि त्रास जास्त असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. बटाट्याच्या चकत्या, बाळंतिणीचं दूध, गुलाबपाणी, हे सगळं आपल्याकडं चालतं. थंडाव्यानं बरं वाटतं तेवढंच, पण भाजलेल्या बुबुळात न उकळलेलं काहीही टाकणं म्हणजे जंतूंना आवतण. आणखी एक. दुखणं थांबवणारे, डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालत बसू नका. दुखायचं थांबतं पण जखम भरत नाही, उलट वाढते.

काच दहा किंवा अकरा नंबरची. ६० ते १६० ॲम्पिअरला दहा पुरते, कोवळ्या डोळ्याला अकरा बरी वाटते. दोन चष्मे एकावर एक, काळा गॉगल, एक्सरेची फिल्म, यांनी पुरेसं अडत नाही. हातात धरायची शील्ड स्वस्त, पण नवख्याला ती अडचणीची, कारण एक हात त्यातच जातो आणि पाईप धरायला हात उरत नाही. मग डोळे मिटून टाका मारायचा मोह होतो. पापणी मिटली तरी तोंडाची, मानेची कातडी भाजतेच, आणि टाका गुण्यात बसला की नाही ते कळत नाही. डोक्याला लावायची, आपोआप काळी होणारी शील्ड आता दीड-दोन हजारांत बरी मिळते. आर्क पेटल्यावर ती डोळ्याला कळायच्या आत काळी होते, आणि काळी नसतानाही अतिनील किरण अडवते. तुमचे निम्मे टाके यामुळेच सरळ बसतील. तिच्या कपाळावरचे दोन सेन्सर पाईपच्या आड येऊ देऊ नका आणि रोज सुरू करण्याआधी टेस्टचं बटण दाबून बघा.

पण खरा डोळा जातो तो वेल्डिंग संपल्यावर. शील्ड वर केली, हातोडी घेतली आणि वेल्डवर जमलेली रॉडची गरम पपडी ठोकायला लागला. ती पपडी काचेसारखी तडकते आणि नेमकी वर उडते. म्हणून शील्डच्या आत पारदर्शक चष्मा कायम असावा. शील्ड वर-खाली होईल, चष्मा उतरायचा नाही. कण गेलाच तर पाण्यानं धुवा, पापणी उलटून कोणाच्या पदराच्या टोकानं, काडीनं काढायला बसू नका. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की काही तासांत त्याच्याभोवती गंज धरतो. तो डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली काढायचा असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी काढण्यापेक्षा त्याच दिवशी काढणं सोपं.

धुराबद्दल. तुमच्या शेडला जीआय पाईप वापरायचा विचार दिसतो. त्यावरचं जस्त जळलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार-दहा तासांनी थंडी वाजून ताप, तोंडाला गोडसर धातूची चव, अंग मोडून येणं. मलेरिया समजून गोळ्या घेणारे मी बघितलेत. हा ताप दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण वारंवार ओढवून घ्यायची गोष्ट नव्हे. आधी दूध प्या, नंतर गूळ खा, हे धंद्यातले जुने सल्ले आहेत. दूध पोटात जातं आणि धूर फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन इंच जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा, वारा आपल्या पाठीवरून नव्हे तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल असे बसा, आणि तोंड धुराच्या लोटात घालू नका. नाकाला बांधलेल्या रुमालानं हा धूर अडत नाही, एन-९५ सारखा मास्क बराचसा अडवतो. साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. बंद खोलीत, दार लावून वेल्डिंग करायचं नाही, एवढं त्यातून घ्या.

शॉकबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, की घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवला म्हणजे झालं. आरसीसीबी बसवाच, ३० मिलिॲम्पिअरचा, अर्थिंगचा खड्डाही नीट करा. मशीनच्या बॉडीला करंट आला, वायर सोलली, तर तो वाचवेल. पण होल्डरच्या बाजूनं बसलेला शॉक त्याला कळतच नाही, कारण मशीनच्या आत ती बाजू मेनपासून वेगळी केलेली असते. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट उभे असतात. कोरड्या माणसाला ते क्वचित जाणवतात. घामानं भिजलेला शर्ट, ओल्या जमिनीवर टेकलेला गुडघा, भिजका हातमोजा, असं असेल तर तेवढ्यानंही जीव जातो. म्हणून आपल्या भागात जून ते सप्टेंबर उघड्यावर वेल्डिंगचा हट्ट नको. करायचंच तर छपराखाली, पायाखाली कोरडी फळी किंवा रबराची चटई, आणि रॉड बदलताना दोन्ही हातांत कोरडे चामड्याचे हातमोजे. होल्डर काखेत धरून रॉड शोधायचा नाही.

अर्थिंगचा क्लॅम्प ज्या वस्तूला वेल्ड करताय त्याच वस्तूला, वेल्डच्या जवळ, रंग घासून लावायचा. पुष्कळ जण गोठ्याच्या खांबाला किंवा नळाच्या पाईपला लावतात. मग शंभर ॲम्पिअर वाट शोधत फिरतात, आणि वाटेत तुमच्या घराची अर्थिंगची वायर सापडली तर ती जळते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्ड करायचं तर आधी ट्रॉली सोडा. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि क्लॅम्प असा लावा की करंट बेअरिंगमधून जाणार नाही. बॅटरी चार्जिंगला लावलेली असेल तिथं ठिणगी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आग. ग्राइंडरच्या ठिणग्या दहा मीटरपर्यंत सहज जातात. तुमच्याकडं गोठा म्हणजे वर पिंजर, बाजूला कडबा, कोपऱ्यात गोवऱ्या. चिकोडी-अथणीकडं पाचट, निपाणीकडं तंबाखूची वखार. फाटक काढून अंगणात आणून वेल्ड करा. ते शक्य नसेल तर आजूबाजूचं दहा-बारा मीटर मोकळं करा, उरलेल्यावर पाणी मारा, गुरं बाहेर काढा आणि पाण्याची भरलेली बादली, ओलं पोतं, वाळू हाताशी ठेवा. काम संपलं की लगेच जेवायला जाऊ नका. गवतात ठिणगी धुमसत राहते, तासभर तरी कोणीतरी तिथं असावं. चालू मशीनवर पाणी मारू नका, आधी मेन पाडा.

आणि एक गोष्ट कधीही नाही: डिझेलचं बॅरल, पेट्रोलची टाकी, ऑइलचा ड्रम, औषध फवारणीचा पंप. धुतला, वाळवला, उन्हात उलटा ठेवला तरी नाही. सांध्यात, पत्र्याच्या दुमडीत राहिलेलं थेंबभर इंधन गरम झालं की त्याची वाफ होते, आणि बंद डब्यात तेवढी पुरते. ड्रम कापून चुलाण किंवा गुरांची गव्हाण करायची असेल तर छिन्नी-हातोडीनं कापणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडं द्या. ट्रॅक्टरची टाकी गळत असेल तर नवी बसवा.

जे स्वतः करू नका अशातच ट्रॉलीचा ड्रॉबार आणि हूक येतो. फळ्या, कडी, कोयंडे खुशाल करा. पण उसानं भरलेली ट्रॉली घाटात ज्या एका सांध्यावर लोंबते तो सांधा शिकाऊ हाताचा नको. वरून छान दिसणारा वेल्ड आत पोकळ असू शकतो आणि ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही. बिडाचा पार्ट तुटला तरी साध्या रॉडनं जोडायला जाऊ नका, गार होताना शेजारी परत तडकतो. त्याला निकेलचा रॉड आणि हळूहळू गार करणं लागतं, बेळगावात फाउंड्रीवाल्यांच्या आसपास ते करणारे भरपूर आहेत.

कपडे जाड सुती, पूर्ण बाहीचे. नायलॉन, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतो. चामड्याचा एप्रन असला तर बरं. बूट चामड्याचे, पँटचा पाय बुटाच्या वर, दुमडलेला नाही, नाहीतर ठिणगी त्या दुमडीतच जाऊन बसते. चप्पल घालून नाही. खिशात लायटर, काडेपेटी नाही. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, त्यावर हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. नातेवाईकात कोणाला पेसमेकर असेल तर त्यानं चालू वेल्डिंगजवळ थांबू नये. आणि वेल्डिंग सुरू केलं की पोरं बघायला जमणारच. त्यांना नुसतं ‘बघू नका’ म्हणून भागत नाही, मधे जुना पत्रा किंवा ताडपत्री आडवी लावा.

राहिलं शेड, ज्यासाठी हे सगळं काढलंत. पहिले दोन-तीन दिवस भंगारातल्या अँगलच्या तुकड्यांवर नुसत्या रेघा मारा, मग दोन तुकडे काटकोनात जोडून हातोडीनं मोडून बघा. मोडलेल्या जागी आतपर्यंत चकचकीत लोखंड एकजीव दिसलं तर जमलं. काळी पपडी अडकलेली दिसली तर ॲम्पिअर थोडा वाढवा किंवा हात हळू करा. मग कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, सगळ्या जमिनीवर, गुण्या लावून, आधी टाके मारून आणि कर्ण मोजून करा. वर चढून होल्डर हातात धरायची वेळच येऊ देऊ नका. वर साधा झटका बसला तरी माणूस पडतो आणि मार पडण्याचाच लागतो. खांबाला बेसप्लेट खाली जोडा, कैची वर नेऊन नट-बोल्टनं बसवा. घासलेल्या प्रत्येक सांध्याला त्याच दिवशी रेड ऑक्साइड आणि जीआयला झिंकचा प्रायमर मारा, खानापूरच्या पावसात उघडा वेल्ड एका मोसमात लाल होतो. पत्र्याला वेल्डिंग अजिबात नको, रबर वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारा, आणि पत्रा कापायला ग्राइंडरऐवजी पत्र्याची कात्री वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगीत पत्र्यावर बसतात आणि पहिल्याच सरीत तिथं गंजाचे ठिपके उठतात.